शिंगाळ्याच्या पोटातली अंगठी

१

सत्यवतीबाईंना लोक काय वाट्टेल ते विचारत. कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात त्यांची सारी हयात गेली. तास संपता संपता त्या पुस्तक मिटून टेबलावर ठेवत आणि म्हणत, “आता परीक्षेत न येणारं विचारा.” मग पोरं सुटत. उचकी का लागते, मासा झोपतो का, मेल्यावर माणसाची नखं वाढतात हे खरं का, कोंबडी खडे का गिळते. बाई निवृत्त होऊन सर्जेकोटला भावाच्या घरी राहायला आल्या आणि ही खोड सगळ्या गावाला लागली. रेशनच्या रांगेतसुद्धा कोणीतरी हळूच जवळ सरकून पित्ताशयाचं विचारून घेई. बाईंना त्याचा कंटाळा नव्हता. माणूस ज्या घरात जन्मभर राहतो त्याच्या खोल्या कुठे आहेत हे त्याला ठाऊक नसतं, असं त्या म्हणत, आणि त्या खोल्या दाखवत फिरणं हे त्यांचं म्हातारपणचं सुख होतं.

म्हणून पितृपक्षातल्या एका सकाळी कृष्णाबाई पायरीवर येऊन बसली आणि तिने प्रश्न विचारला, तेव्हा बाईंनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

“बाई, माशाच्या पोटात वस्तू किती दीस रवता?”

वस्तू कसली त्यावर आहे, बाई म्हणाल्या. हाड असेल तर विरघळतं, प्लास्टिक असेल तर मासा मरेपर्यंत तसंच राहतं. कृष्णाबाईने पदराची गाठ सोडली आणि पायरीवर एक अंगठी ठेवली. चांदीची, वर लाल पोवळं. मग मात्र बाईंनी पेपर खाली ठेवला.

ती अंगठी गावात सगळ्यांना ठाऊक होती. कृष्णाबाईने मासळी विकून मुलासाठी, चंदनसाठी, मालवणच्या सोनाराकडून घडवून घेतली होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वादळ झालं, त्यात चंदन आणि त्याचा मित्र सिद्धेश यांची होडी उलटली. दुसऱ्या दिवशी सकाळी आचऱ्याच्या बाजूला बर्फाच्या पेटीला लटकलेला सिद्धेश सापडला. चंदन सापडला नाही. तेव्हापासून कृष्णाबाई रडली नव्हती. सून दिव्या हिच्या गळ्यातलं मंगळसूत्र तिने उतरवू दिलं नव्हतं. दर्यात मेलेलं सगळं कधी ना कधी किनाऱ्याला लागतं, माझा मुलगा लागला नाही, एवढंच ती बोले. आता सर्वपित्री अमावास्येला घरात म्हाळ होता. गेलेल्यांच्या नावाने पानं मांडायची, त्यात चंदनचं पान मांडायचं की नाही यावरून घर फुटायची वेळ आली होती.

आणि आदल्या दिवशी, संध्याकाळच्या कालवणासाठी मासा चिरताना, त्याच्या पोटातून ही अंगठी निघाली.

“तुमी हो म्हणा,” कृष्णाबाई म्हणाली. “माशान माझ्या झिलाचो हात खाल्ल्यान, असा तुमी सांगा. मगे मी एकदाची रडान घेतंय.”

सत्यवतीबाई हो म्हणणारच होत्या. पण जन्माची सवय आडवी आली आणि त्यांनी विचारलं की मासा कुठला होता.

शिंगाळा होता. चांगला हाताएवढा. सकाळच्या लिलावात घेतलेल्या पाटीत बांगड्यांवर तो एकटाच होता. पाटी पडवीत ठेवून कृष्णाबाई देवळात गेली आणि येऊन चिरायला बसली. पोटात आणखी काही होतं का? काही नाही, आतडं दोरीसारखं बारीक झालेलं. आणि हो, अंगणात कोंबड्या कसल्यातरी बोराएवढ्या पिवळ्या गोळ्यांवरून भांडत होत्या. तिला बघायला सवड झाली नाही.

बाईंनी अंगठी उचलून उजेडात धरली. चांदी स्वच्छ होती. पोवळं लखलखीत होतं. त्यांनी ते नखाने चाचपून पाहिलं आणि त्यांना आपल्या ज्ञानाचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

“कृष्णाबाय,” त्या म्हणाल्या, “ह्या माशान ही अंगठी गिळूक नाय.”

२

बाईंनी समजावून सांगितलं. शिंगाळ्याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेऊन फिरतो, पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत. तेवढा काळ तो काही म्हणजे काही खात नाही. खाल्लं तर स्वतःचीच पोरं गिळेल. त्याचं आतडं सुकून दोरी होते. कोंबड्यांपुढचे पिवळे गोळे ही त्याच्याच तोंडातली अंडी. कोणीतरी ती बोटाने काढून टाकली आणि अंगठी घशातून खाली लोटली. शिवाय पोवळं म्हणजे एक तऱ्हेचा चुनाच. माशाच्या काय नि माणसाच्या काय, जठरातल्या आम्लात तो पडून राहिला तर त्याची झिलई जाते. हिची गेलेली नाही. आणि वर्षभर खाऱ्या पाण्यात राहिलेली चांदी काळी पडते. ही अंगठी कोणाच्यातरी घरात होती, आणि कोणीतरी ती पुसत होतं.

हे सांगून होईपर्यंत बाईंना आपण काय करतोय ते कळलंच नव्हतं. कृष्णाबाईचा चेहरा बघून कळलं.

“म्हणजे माझो चंदन जिवंत आसा,” कृष्णाबाई म्हणाली.

बाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं की तसं सिद्ध होत नाही. पण कृष्णाबाई केव्हाच उठली होती. चंदन गोव्याच्या कुठल्यातरी ट्रॉलरवर असेल, डोक्याला मार लागून सगळं विसरला असेल, त्याने कोणाच्या हाती अंगठी पाठवली असेल आणि त्या माणसाला समोर यायची भीती वाटली असेल. फाटकापर्यंत जाताजाता तिने हे सगळं रचलं. पान मांडायचं नाही, असं तिने फाटकातूनच सांगितलं. मावळत आलेली आशा बाईंनी आपल्या हाताने फुंकर घालून पेटवली होती, आणि ती आता त्या बाईला जन्मभर जाळत राहणार होती.

दुपारपर्यंत गावभर झालं. जेवण उरकतं न उरकतं तोच चंदनचा चुलता रामचंद्र बाईंच्या पडवीत येऊन उभा राहिला. पूर्वी तोही दर्यावर जायचा, आता टेम्पो चालवतो. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

त्याचं म्हणणं सरळ होतं. घरात ना सुतक ना सोहळा, असं वर्ष काढलं. त्याच्या मुलीचं, अक्षयाचं, लग्न ओरोसच्या घरात ठरलं होतं, पण घरातल्या माणसाचं काय झालं ते निश्चित होईपर्यंत गावच्या देवाचा कौल मिळेना. काल अंगठी मिळाली तेव्हा तो चंदनसाठी ढसाढसा रडला, आणि रडताना त्याला बरंही वाटलं. हे त्याने स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. बाईंना त्याबद्दल तो आवडला.

काल तो पडवीत आला होता का, असं बाईंनी विचारलं. आला होता. टेम्पोची चावी विसरली होती म्हणून. त्याच्या आधी सिद्धेश येऊन गेला होता, तो रोज सकाळी कृष्णाबाईला पाणी भरून देतो. दिव्या तर घरातच होती.

“माझ्याकडे अंगठी आसती, तर मी वरीसभर थांबलो असतंय काय?” रामचंद्र म्हणाला. “पैल्या म्हयन्यातच माशाच्या पोटात घातली असतंय.”

हे बाईंना पटलं. पण तो जाता जाता जे बोलला ते त्यांना नको होतं. अंगठी चंदनच्या बोटातून निघत नव्हती, हे सगळ्या घराला माहीत होतं. मग ती काढली कोणी? होडीवर दोघंच होते. एक परत आला.

“सिद्धेशाक मी आज इचारतलंय,” तो म्हणाला. “माझ्या पद्धतीन. चार मानसां घेवन.”

३

बाईंनी चपला चढवल्या आणि आधी दिव्याकडे गेल्या. सिद्धेशकडे जाण्यापूर्वी त्यांना एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती.

दिव्या विहिरीपाशी कपडे धूत होती. तळेऱ्याकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुरमईसुद्धा नीट चिरता येत नव्हती. आता पितृपक्षात मासळीचा भाव पडतो तेव्हा उरलेलं सुकवायचं कामसुद्धा ती एकटी करते. बाईंना बघून तिने हात पुसले आणि उगाचच पदर डोक्यावर घेतला. कपाळावर कुंकू होतं, पण इतकं बारीक की लावणारीला ते लावावं की नको हे कळत नसावं.

शिंगाळ्याबद्दल ती आपणहून बोलली. तोंडात अंडी असलेल्या शिंगाळ्याचं पोट रिकामं असतं, हे सासूने तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं; काल अंगठी दिसल्यावर सासूला मात्र दुसरं काही दिसलंच नव्हतं. “काल मी चिरूक बसलंय असतंय, तर माका तेवाच कळला असता,” ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. त्यांचाही हिशेब तोच होता. या किनाऱ्यावर मासे पकडतात पुरुष आणि चिरतात बायका. जाळं ओढताना शिंगाळ्याच्या तोंडातून पडणारी अंडी पुरुष रोज बघतात, पण त्याच मोसमात त्याच्या पोटात काय असतं, हे बघायची पाळी त्यांच्यावर जन्मात येत नाही. अंगठी घालणाऱ्याने तोंड पाहिलं होतं, पोट कधीच पाहिलं नव्हतं.

मग अंगठी. त्या दिवशी होडीवर जाताना ती चंदनच्या बोटात होती का? होती. भाकरीचा डबा देताना दिव्याने बघितली होती. ती निघत का नव्हती? लहानपणी दोरात सापडून त्याचं ते बोट मोडलं होतं आणि पेरावर हाड जाड जुळलं होतं; अंगठी दाबून बसवली, ती परत निघाली नाही. वादळाच्या आधी चतुर्थीला बोट सुजलं तेव्हा साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं. सोनार म्हणाला, कापावी लागेल. चंदनने हात मागे घेतला, आईने दिलेली आहे म्हणाला.

बाईंनी येताना अंगठी कृष्णाबाईकडून मागून घेतली होती. ती त्यांनी परत एकदा फिरवून बघितली. कुठे काप नाही, कुठे जोड नाही.

“बाई,” दिव्या हळू आवाजात म्हणाली, “ते येतले म्हणान मी वाट बघीन. ते गेले म्हणान रडत बशीन. दोनय करीन. पण खयचा ता माका कोणीतरी सांगा. रोज सकाळी आरशात बघताना माका माझीच लाज वाटता.”

तिच्या ओल्या हातावर हात ठेवून बाई तिथून निघाल्या.

माडाच्या बनातून जाताना त्या मनात एकेक पान उलटत होत्या. मेलेल्या माणसाचा हात पाण्यात फुगतो, बोटं जाड होतात. प्रेताच्या बोटातून ही अंगठी निघाली नसती, आणखी घट्ट बसली असती. जिवंत माणसाच्या बोटातून ती कोरड्या जमिनीवर निघत नव्हती. पण जिवंत माणूस बराच वेळ पाण्यात राहिला की हाताच्या शिरा आवळतात. रक्त आत, पोटाकडे, काळजाकडे खेचलं जातं. म्हणून तर बोटांना सुरकुत्या पडतात. बोट ओसरतं. तेव्हा कुठे अशी अंगठी त्या पेरावरून जाईल, आणि तेव्हाही आपोआप नाही. ओढावी लागेल, सगळ्या अंगाच्या भाराने.

होडी उलटली आणि पहिल्याच लाटेत चंदन गेला, असं सिद्धेशने गावाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. चंदन कित्येक तास जिवंत होता, आणि कोणीतरी त्याचा हात ओढत होतं.

४

सिद्धेश किनाऱ्यावरच्या मांगरात, झावळ्यांच्या झापांनी शाकारलेल्या खोपटात, एकटाच जाळं विणत बसला होता. तो बाईंचा विद्यार्थी. मागच्या बाकावरचा, पण प्रश्न मात्र चांगले विचारायचा. माणूस रडतो तेव्हा नाक का वाहतं, हा त्याचा प्रश्न बाईंच्या अजून लक्षात होता. आता तो दर्यावर जात नाही. त्याचा डावा हात मनगटापासून खाली लोंबतो. बोटं मिटतात, पण मनगट वर उचलत नाही, बोटं सरळ होत नाहीत. जाळ्याचा दोर तो पायाच्या अंगठ्यात अडकवून ओढून धरत होता आणि उजव्या हाताने गाठ मारत होता.

बाई त्याच्यासमोर उलट्या घातलेल्या पाटीवर बसल्या. रामचंद्र माणसं घेऊन येतोय हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. तो उठला नाही. येऊ दे, म्हणाला.

त्यांनी त्याला ती रात्र परत सांगायला लावली. त्याने पाठ केल्यासारखी सांगितली. काळोख पडताना होडी उलटली. चंदन लाटेबरोबर गेला, हाकसुद्धा मारली नाही. त्याला स्वतःला बर्फाची पेटी सापडली, तिच्यावर हात टाकून तो सकाळपर्यंत राहिला. एवढंच.

“तेका काय त्रास जावक नाय,” तो म्हणाला. “एका क्षणात गेलो. मी काकीक तसाच सांगलंय.”

हाताचं डॉक्टरांनी काय सांगितलं, बाईंनी विचारलं. शीर दाबली गेली, असं सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, बरोबर. बगलेतून निघून दंडाच्या हाडाला वळसा घालून एक शीर, रक्ताची नव्हे, मज्जातंतूची, मनगटाकडे जाते. पेटीच्या कडेवर हात टाकून सगळा भार त्यावर दिला की ती हाड आणि कड यांच्यामध्ये चेंगरते. आधी मुंग्या येतात, मग हात बधिर होतो, मग त्यातला जीव जातो. रात्रभर चेंगरली तर वर्ष गेलं तरी पुरती सुधारत नाही.

सिद्धेश गाठ मारत राहिला.

बाईंनी आपला डावा हात शेजारच्या पिंपाच्या काठावर टाकला, बगल काठावर टेकवून. थोडा वेळ तशाच बसल्या. मग त्यांना मुंग्या यायला लागल्या तसा त्यांनी तो काढून घेतला आणि उजवा टाकला. हे त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. अंगच ते करतं. झोपेतसुद्धा माणूस कूस बदलतो.

“सिद्धेशा,” त्या म्हणाल्या, “रातभर एकच हात पेटयेर. तो दुखलो, बधिर झालो, मेलो. आणि उजव्या हाताक कायच नाय झाला. तू हात बदललंस कित्याक नाय?”

त्याच्या हातातली सुई थांबली.

“दुसऱ्या हातात काय होता?”

५

सिद्धेशने जाळं मांडीवरून खाली ठेवलं, अगदी जपून, जणू ते फाटेल.

होडी उलटताना चंदनच्या खांद्यावर आली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याचा एक हात लटकाच पडला. पेटी धरणं त्याला शक्य नव्हतं. दुसऱ्या हाताने त्याने सिद्धेशला धरलं आणि सिद्धेशने त्याला. डावा हात पेटीवर, उजव्या हातात चंदनची बोटं. हात बदलायचा तर चंदनला सोडावं लागलं असतं. म्हणून बदलला नाही. डावा हात गेला तेव्हा त्याला कळलं होतं, की हा आता गेला.

“पाहटेक उजेड होय होतो,” तो म्हणाला. “मी तेका म्हटलंय, थांब, होडयो येतीत. मगे माझ्या मुठीत बगलंय तर अंगठीच होती. तो नाय होतो.”

मूठ किती वेळ रिकामी होती हेही त्याला ठाऊक नव्हतं. कोणत्या तोंडाने सांगायचं की मी सोडला? आणि कृष्णाबाईला काय सांगायचं, की तुझा मुलगा रात्रभर गारठत, दुखत जिवंत होता? म्हणून पहिली लाट. ती लाट त्याने तिच्यासाठीच बनवली. अंगठी ट्रंकेत ठेवली आणि रोज काढून पुसली. म्हाळाचं भांडण ऐकलं तेव्हा वाटलं, निदान काकीला खात्री होऊ दे, निदान चंदनला पान मिळू दे. पाटीत शिंगाळ्याचंच तोंड तेवढं मोठं होतं.

“मी सोडलंय बाई,” तो म्हणाला. “तुमी सगळ्या इचारलात, ह्या एक माका सांगा. मी सोडलंय काय तेका?”

आयुष्यभर बाईंना लोकांनी प्रश्न विचारले होते, पण उत्तर देताना त्यांचा आवाज कधी कापला नव्हता. थंडीने आणि थकव्याने स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो, त्या म्हणाल्या. मेंदू धर म्हणत राहतो आणि हातापर्यंत ते पोचत नाही. त्यात माणसाचा दोष नसतो. पण हे त्याला पुरलं नाही, हे त्यांना दिसत होतं. डॉक्टरही असंच काहीबाही सांगतात.

मग त्यांनी अंगठी पदरातून काढून त्याच्या उजव्या तळव्यावर ठेवली आणि त्याची बोटं वरून मिटवली.

“हय बग,” त्या म्हणाल्या. “तू हात सोडलो असतंस, तर ही खंय र्‍हवली असती? तेच्या बोटात. तेच्याबरोबर गेली असती. मोडलेल्या पेरावरसून, साबणान निघाना ती अंगठी निघाली, कारण तेचो हात दर्या ओढी होतो आणि तू तेवापण धरूनच होतंस. सोडणाऱ्याच्या मुठीत काय र्‍हवणा नाय, सिद्धेशा. तुझ्या मुठीत र्‍हवला.”

सिद्धेश मुठीकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. वर्षभर त्याने स्वतःला जो गुन्हा लावून घेतला होता, त्याचा पुरावा म्हणून तो ती अंगठी जपत होता, आणि ती नेमकी उलटीच साक्ष देत होती. बाईंनाही रडू आवरेना.

दारात माणसं उभी होती. रामचंद्र आला होता, बरोबर चौघं होते, पण कोणी आत येत नव्हतं. कारण त्यांच्या पुढे कृष्णाबाई उभी होती. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

ती आत आली आणि सिद्धेशसमोर वाळूत बसली. तिच्या चेहऱ्यावरची सकाळची आशा गेली होती. ती आशा विझलेली बघणं बाईंना सोसवेना, म्हणून त्यांनी खाली बघितलं.

“काय बोली होतो तो?” कृष्णाबाईने विचारलं.

सिद्धेशने डोळे पुसले. “सुरवातीक गाळी घाली होतो, काकी. माका, मशिनीक, दर्याक. मगे तुमच्या हातचा बांगड्याचा तिखला खावचा आसा म्हणालो. मगे थंडी वाजता म्हणालो.” तो थांबला. “मगे निस्तोच हात धरून होतो.”

“दुखी होता तेका?”

“व्हय.”

तिने मान हलवली. खोटं ऐकायचं नाही म्हणून ती एवढं वर्षभर ताठ बसली होती, आणि खरं ऐकल्यावर तिची पाठ पहिल्यांदाच वाकली. तिने हात पुढे केला आणि त्याची उजवी मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली. मासे चिरून चिरून भेगाळलेल्या बोटांनी ती मूठ चाचपू लागली.

“ह्योच काय तो हात?” ती म्हणाली. “माका जरा धरून बसांदे.”

आणि मग ती रडली. तिचा आवाज किनाऱ्यावर लांबपर्यंत गेला असावा, कारण थोड्या वेळाने दिव्या अनवाणी धावत आली, आणि दारातच तिला सगळं कळलं. रामचंद्राने तिला धरलं.

अमावास्येला म्हाळ झाला. चंदनचं पान मांडलं, आणि म्हाळाला चालत नाही हे माहीत असूनही कृष्णाबाईने त्यावर बांगड्याचं तिखलं वाढलं. रामचंद्र काही बोलला नाही, भटजीही दुसरीकडे बघत राहिले. दिव्याच्या कपाळावर त्या दिवशी काही नव्हतं, आणि तिने सत्यवतीबाईंकडे सरळ नजरेने बघितलं. अंगठी कृष्णाबाईने सिद्धेशलाच ठेवायला दिली.

कावळ्यासाठी पान अंगणात न्यायची वेळ आली तेव्हा तिने सिद्धेशला हाक मारली. त्याने उजव्या हाताने पान उचललं. डाव्या बाजूने ते झुकायला लागलं, म्हणून त्या बाजूने कृष्णाबाईने धरलं, आणि दोघं मिळून ते पान अंगणात घेऊन गेली.